हवा एकच, बोलणारे अनेक : वाय-फाय एक्स्टेंडरचा पूर्वेतिहास (थ्रेड)

१/ शेवटच्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही म्हणून घरात एक्स्टेंडर येतो. मग दुसरा, तिसरा. मोबाइलवर सिग्नलच्या सर्व रेघा दिसतात, व्हिडिओ मात्र अडखळतच राहतो. या कोड्याचे मूळ अर्धशतकापूर्वीच्या हवाई बेटांवर सापडते.

२/ हवाई विद्यापीठाचा मुख्य संगणक ओआहू बेटावर होता. त्याच्याशी दुरून जोडले जाण्यासाठी टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या ठरत. नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींचा मार्ग धरला. जून १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झाले. वेग होता सेकंदाला ९,६०० बिट.

३/ केंद्राकडे संदेश धाडण्यासाठी सर्व टर्मिनलांना एकच वारंवारता होती. दोघे एकाच क्षणी बोलले की दोन्ही संदेश वाया जात. पोच आली नाही, तर कमी-अधिक वेळ थांबून संदेश पुन्हा पाठवावा, असा नियम होता. नियम सोपा, पण किंमत मोठी. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्केच कामी येऊ शकते.

४/ पुढचा प्रश्न पल्ल्याचा होता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘पॅकेट रेडिओ’ प्रकल्पात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील डोंगरमाथ्यांवर संदेश ऐकून पुढे धाडणारे संच बसवले गेले. २७ ऑगस्ट १९७६ रोजी पोर्टोला व्हॅलीतील एका मद्यगृहाच्या अंगणातून निघालेला अहवाल रेडिओमार्गे अर्पानेटवर पोहोचला. डोंगरावरचे ते संच म्हणजे आजच्या एक्स्टेंडरचे पूर्वज. मात्र ते एका वेळी ऐकू शकत किंवा बोलू शकत, दोन्ही नाही.

५/ १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले. ‘आधी ऐका, मग बोला’ हा शिष्टाचार त्यात आला, तरी हवा सामायिकच राहिली. एकाच चॅनेलवरचा एक्स्टेंडर प्रत्येक पॅकेट दोनदा हवेत आणतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. एकामागे एक असे दोन एक्स्टेंडर जोडले, तर तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मोबाइलवरच्या रेघा फक्त जवळच्या एक्स्टेंडरची ताकद सांगतात. राउटरपर्यंतच्या वाटेची नाही.

६/ म्हणून अनेक एक्स्टेंडर लावायचे असल्यास साखळी न करता प्रत्येक थेट राउटरशी जोडणे हिताचे. त्याची जागा सिग्नल संपतो तिथे नव्हे, तर तो अजून चांगला मिळतो तिथे. दोन बँडचे उपकरण असेल, तर एक बँड राउटरकडे व दुसरा मोबाइलकडे, अशी वाटणी करता येते.

७/ सर्वांत खात्रीचा उपाय मात्र राउटरपासून एक्स्टेंडरपर्यंत इथरनेटची केबल ओढणे हाच आहे. १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, ती अलोहानेटच्या अभ्यासातूनच. तारा टाळण्यासाठी जन्मलेल्या रेडिओजाळ्याने जगाला नवी तार दिली, आणि घरातल्या हवेत गर्दी झाली की आजही तीच तार मदतीला येते.