मारबत, माळ आणि बैठक : दारू सोडवणाऱ्या रीतींची गोष्ट

दारू सोडताना माणूस एकट्याने ठरवून मोकळा का होत नाही? दिव्यासमोर, चार लोकांसमोर शपथ का घेतो? आणि त्या शपथेतली एखादी टिकते, एखादी आठ दिवसांत का मोडते? आज जरा मागे जाऊन पाहू.

पोळ्यापासूनच सुरू करते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. ही परंपरा 1880 च्या दशकापासूनची. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे जे नको ते घेऊन जा, अशा आरोळ्या देत लोक पुतळे मिरवतात आणि शेवटी जाळतात. आपल्याकडे खेड्यांतही सकाळी मारबत शिवेबाहेर नेऊन टाकतात. सगळं गाव मिळून पीडा हाकलतं, ही रीत सुंदरच आहे. पण तो दिवस कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी इडापीडा गावाबाहेर, आणि दुपारपासून पत्ते अन् बाटली. कितीतरी बायांना तान्हा पोळा म्हटलं की लेकरांचे लाकडी बैल आठवायच्या आधी नवऱ्याचं पिणं आठवतं. यात मारबतीचा दोष नाही. ती वर्षातून एकदा येते, दारू रोज येते.

आता माळेकडे पाहा. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, तेव्हा दारू आणि मांस सोडतो. माळ घालणं एका दिवसाचं काम, पण पुढे दर पंधरा दिवसांनी एकादशी येते, भजन येतं, आषाढी-कार्तिकीची वारी येते. गळ्यातली माळ लोकांना दिसते. गुत्त्याच्या वाटेवर कोणीतरी म्हणतंच, "काय महाराज, इकडे कुठे?" राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली, त्यातही हेच होतं. त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम 1935 साली उभारला. प्रार्थनेला रोज संध्याकाळी जमायचं. संध्याकाळ हीच पिणाऱ्याची वेळ, हे त्यात मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या भागात मात्र सगळ्यात खोल रुजली ती महानत्यागी बाबा जुमदेव यांची चळवळ. कुहीच्या शेजारीच मौद्याला त्यांच्या सेवकांचा मोठा आश्रम आहे. तुमच्या गटातही 'परमात्मा एक'वाली दोन-चार घरं असतील, भेटल्यावर "नमस्कार जी" म्हणणारी. बाबांचा जन्म 1921 चा, नागपुरातल्या विणकर घरातला. शिक्षण थोडं, हातमागावरचं काम. विणकर-मजुरांच्या वस्तीत दारू, सट्टा आणि अंगात येणं या तिन्हींनी घरं कशी पोखरतात, ते त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही. त्यांनी एकच भगवंत मानायला सांगितला आणि सत्य, मर्यादा, प्रेम हे तीन शब्द दिले. दारू, गांजा, जुगार सोडणं हा त्यांच्या नियमांतलाच भाग. 1996 मध्ये ते गेले, पण नागपूर-भंडारा-गोंदियात सेवकांच्या बैठका अजून चालू आहेत.

त्यांची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. पिणारा एकटा येत नाही, सगळं घर येतं. मार्गदर्शकासमोर कापराची ज्योत लागते, हवन होतं, आणि सोडलं ते सोडलं असं सगळ्यांच्या देखत ठरतं. पुढे चर्चा बैठक असते. तिथे माणूस उभा राहून आपला अनुभव सांगतो. बाईही सांगते. ज्या घरात तिला मान वर करून बोलता येत नव्हतं, त्याच घराची गोष्ट ती माणसांच्या भरल्या बैठकीत मांडते. माझ्या मते ज्योतीपेक्षाही या बोलण्याने जास्त घरं सावरली.

एक गोष्ट दडवायची नाही. या मार्गात यायचं तर घरातले जुने देव सोडावे लागतात. त्यावरून भावाभावांत अबोला झाला, लग्नकार्यात तेढ आली, असंही घडलं आहे. सासूने जपलेला देव्हारा हलवायचा म्हणजे सुनेच्या जिवाला घोर. ज्याला तो मार्ग पटतो त्याने धरावा. पण दारू सुटण्यासाठी देव बदलावाच लागतो असं नाही.

कारण हीच रीत दुसऱ्या देशात, दुसऱ्या धर्मातही सापडते. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी 1935 मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोघे पिणारे भेटले आणि 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' सुरू झालं. त्याच गावातल्या इस्पितळात सिस्टर इग्नेशिया नावाची नन होती. बरा होऊन घरी निघालेल्या प्रत्येकाच्या हातात ती एक छोटं पदक ठेवायची आणि वचन घ्यायची, की पुन्हा पहिला घोट घ्यायच्या आधी हे मला परत आणून द्यायचं. बघा किती हुशारी! "पिऊ नको" असं ती म्हणतच नाही. प्यायच्या आधी माझ्यापर्यंत ये, एवढंच. पदक द्यायला आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलता येतात.

पुण्यात 1986 साली डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. देशपांडे यांनी त्याला देणगी दिली. तिथे दारू सोडून वर्ष झालं की त्या माणसाचं सगळ्यांसमोर, घरच्यांसोबत कौतुक होतं. जणू नवा वाढदिवसच. घसरलेल्यालाही दार बंद होत नाही. आपल्या गावांत इथेच चुकतं. शपथ मोडली की "देवाचीही लाज नाही" म्हणून त्याला बैठकीतून उठवतात आणि "तुझंच काही कमी पडलं" म्हणून बायकोला बोल लावतात. मग तो लपून पितो आणि ती गटात यायची बंद होते. तुमच्या गटात अशी कोणी असेल तर तिला निरोप पाठवा, या आठवड्यालाच.

आणि हे नीट ऐका. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर पहिल्या काही दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, नसलेलं दिसू लागतं. हे बाहेरचं काही नाही, लागलेलं नाही. यात जीव जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्या, गरज पडली तर 108 ला फोन करा. डॉक्टरच्या देखरेखीत ते दिवस निघू द्या, शपथ आणि ज्योत नंतर.

अमेरिकेतल्या त्या बैठकांच्या वेळी बायका बाहेर थांबायच्या. हळूहळू त्या आपसांतच बोलू लागल्या. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने 1951 मध्ये त्यातून घरच्यांसाठी वेगळी संघटना उभी केली, 'अल-अ‍ॅनॉन'. मुक्तांगणात पिणाऱ्यांच्या बायकांचा गट आहे, त्याचं नाव 'सहचरी'. तिथे नवऱ्याची दारू सुटली का, हा पहिला प्रश्न नसतो. तू जेवलीस का, झोपलीस का, इथून बोलणं सुरू होऊ शकतं. बचत गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर अर्धा तास तर उरतोच.