‘कच्चं’ घर

हैदराबादेत आयुष्य गेलं, तरी मराठवाड्यातलं आजोळचं माळवदाचं घर आठवतंच. आजी मातीत गव्हाचा भुसा कालवून भिंती लिंपायची. म्हणायची, “भुसा माती धरून ठेवतो, भेगा पडत नाहीत.” पुढे बँकेत अशा घरांपुढे मी ‘कच्चे’ असं लिहीत गेलो. मामांनी ते घर पाडून स्लॅब टाकला, तोही मीच मिळवून दिलेल्या कर्जातून.

२०१६ साली वाचलं : वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. त्यांच्यामुळेच तो गिलावा सुमारे १५०० वर्षं किडीपासून वाचला, असं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई या अभ्यासकांचं म्हणणं. वेरूळ म्हणजे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातलं!

मामांच्या स्लॅबखाली उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही. कुणाचं माळवद शिल्लक असेल, तर पाडायची घाई करू नका.