‘गेला आहे’ची इंग्रजी कुळकथा

घरचें वडील माणूस घरांत नसलें म्हणजे दारांत आलेल्या पाहुण्यास आपण सहज सांगतों, ‘ते बाहेर गेले आहेत.’ या चार शब्दांत विशेष असें कांहींच नाहीं, असें आपणांस वाटेल. परंतु याच वाक्याचें इंग्रजी करावयाचें झालें म्हणजे मराठी विद्यार्थ्याची लेखणी क्षणभर थांबते; आणि मौज अशी कीं, ज्या ठिकाणीं ती थांबते, त्याच ठिकाणीं खुद्द इंग्रजी भाषाहि कित्येक शतकें दोन वाटांनीं चालत होती. त्या दोन वाटांची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा मास्तर. माझी सारी नोकरी खालच्या इयत्तांस इंग्रजी शिकविण्यांत गेली. एके वर्षीं एका मुलानें वहींत लिहिलें, ‘माय फादर इज गॉन आउट.’ मीं तांबड्या शाईनें ‘इज’ खोडून वर ‘हॅज’ लिहिलें. मुलगा धीट होता. तो म्हणाला, ‘गुरुजी, मराठींत आपण गेले “आहेत” असेंच म्हणतों. मग इंग्रजींत मध्येंच “जवळ असणें” या अर्थाचा शब्द कां आणावयाचा?’ मजजवळ उत्तर नव्हतें. आणि उत्तर नसलें म्हणजे मास्तर जें करतो तेंच मीं केलें. शुद्ध वाक्य त्याच्याकडून वीस वेळां लिहवून घेतलें. त्यानंतर त्या मुलानें माझ्या वर्गांत पुन्हां प्रश्न विचारला नाहीं.

पुढें बऱ्याच वर्षांनीं, निवृत्तीनंतरच्या फावल्या वेळांत, जेन ऑस्टिन या प्रसिद्ध लेखिकेच्या कादंबऱ्या हातीं आल्या. वाचतांना पाहतों तों काय, गेलेल्या आणि आलेल्या माणसांविषयीं बाई ठिकठिकाणीं ‘इज गॉन’, ‘इज कम’ असें लिहितात! या बाई १८१७ सालीं वारल्या. म्हणजे मीं खोडून टाकलेला प्रयोग दोनशें वर्षांपूर्वीं उत्तम इंग्रजी म्हणून मान्य होता. तेव्हांपासून या गोष्टीच्या मुळाशीं जाण्याचा मला छंद लागला.

ख्रिस्ती शकाच्या पांचव्या शतकांत ब्रिटनमध्यें येऊन स्थायिक झालेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांची जी बोली, तीच आजच्या इंग्रजीचें मूळ होय. त्या जुन्या भाषेंत पुरी झालेली क्रिया सांगण्याच्या दोन रीती होत्या. क्रियापद सकर्मक असल्यास ‘हॅव’ याचें पूर्वरूप योजीत. ‘मजजवळ मासा पकडलेला आहे’ असा त्याचा आरंभींचा भाव होता. आणि कित्येकदां धातुसाधिताचें रूप कर्माप्रमाणें बदलतहि असे, जसें आपण ‘त्यानें आंबा खाल्ला आहे’, ‘पोळी खाल्ली आहे’ असें बदलतों. उलट जाणें, येणें, निघणें अशीं स्वतःच्या हालचालीचीं क्रियापदें आलीं म्हणजे सामान्यतः ‘असणें’ हेंच सहाय्यक घेत. यांतील विचार सरळ आहे. पेटींतून वस्तु बाहेर काढली तर ती आपल्याजवळ येते; परंतु आपण स्वतः बाहेर पडलों तर हातीं कांहीं येत नाहीं, केवळ आपली स्थिति बदलते. तेव्हां बाहेर काढणाराला ‘हॅव’ आणि बाहेर पडणाराला ‘बी’, अशी ही वांटणी होती.

जर्मन आणि फ्रेंच या भाषांनीं ती वांटणी आजपर्यंत सांभाळली आहे. तो बाहेर गेला आहे, हें जर्मन मनुष्य ‘एर इस्ट आउसगेगांगन’ असें सांगतो, तर फ्रेंच मनुष्य ‘इल ए सोर्ती’ असें. दोघांचेंहि सहाय्यक ‘असणें’ हेंच आहे. आपल्या मराठींत तर ‘हॅव’ असें स्वतंत्र क्रियापदच नाहीं. त्यामुळें लिहिणारा, खाणारा आणि जाणारा हे सारे एकाच ‘आहे’वर आपला संसार चालवितात.

मग इंग्रजीनेंच ही वांटणी कां मोडली? एक कारण असें दिसतें कीं, ‘बी’ या क्रियापदावर कामाचा भार फार वाढला. ‘तो बाहेर काढला जातो’ या कर्मणि प्रयोगांत तेंच, ‘तो बाहेर जात आहे’ या अपूर्ण काळांतहि तेंच. शिवाय बोलण्यांत ‘इज’ आणि ‘हॅज’ हे दोन्ही शब्द आखडून नुसता ‘स’ किंवा ‘झ’ उरतो; ‘हीज गॉन आउट’ असें कोणी म्हटलें, तर त्यांत कोणतें क्रियापद दडलें आहे हें कानाला कळत नाहीं. हालचालीच्या क्रियापदांत ‘हॅव’चा शिरकाव प्रथम ‘तो गेला असता तर’ अशा संकेतार्थी वाक्यांतून झाला, असें अभ्यासकांस आढळलें आहे. शेक्सपिअरच्या काळीं, म्हणजे १६०० च्या सुमारास, दोन्ही रूपें शेजारीं शेजारीं नांदत होतीं. एकोणिसाव्या शतकांत ‘हॅव’नें बहुतेक सारें राज्य घेतलें. ‘बी’च्या वांट्याला एक लहानसें वतन मात्र राहिलें. ‘माय पेन इज गॉन’ म्हणजे लेखणी नाहींशी झाली, हें वाक्य आजहि शुद्ध आहे. कारण तेथें जाण्याची क्रिया नव्हे, तर नसण्याची स्थिति सांगावयाची असते.

आतां ‘आउट’ या शब्दाकडे वळूं. जुन्या इंग्रजींत त्याचें रूप ‘ऊत’ असें होतें आणि तो पुष्कळदां क्रियापदाच्या आधीं बसे, जसा आपला ‘बाहेर’ बसतो. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर पुढील कांहीं शतकांत भाषेची शब्दरचना पालटली, आणि हा शब्द क्रियापदाच्या मागें जाऊन स्थिरावला. ‘आउटकम’, ‘आउटब्रेक’ या नामांत मात्र त्याचें पुढचें आसन कायम आहे.

मागें बसला तरी त्याचा अधिकार कमी झाला नाहीं. ‘द लँप हॅज गॉन आउट’ म्हणजे दिवा फिरावयास गेला नाहीं, तो विझला. आपल्याकडे जुन्या बायका ‘दिवा विझला’ असें अशुभ न बोलतां ‘दिव्याला निरोप दिला’ म्हणत. त्यांना हें इंग्रजी लवकर उमगलें असतें! ‘द ऑइल हॅज रन आउट’ म्हणजे तेल संपलें. ‘वॉर हॅज ब्रोकन आउट’ म्हणजे युद्ध पेटलें. ‘द सीक्रेट हॅज कम आउट’ म्हणजे गुपित फुटलें. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत, क्रियापदाला जोडलेल्या या लहान शब्दांमुळेंच परकीयांची सर्वांत मोठी अडचण होते, असें स्पष्ट म्हटलें आहे. त्यांनीं दिलेल्या उदाहरणांत ‘सेट आउट’, म्हणजे प्रवासास निघणें, हेंहि आहे. अशा जोडक्रियापदांस आज ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत छापलें, आणि तें कोशकार हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें असल्याचें तेथेंच नमूद केलें.

एक व्यावहारिक भेदहि सांगून ठेवतों. ‘ही हॅज गॉन आउट’ म्हणजे तो गेला आहे आणि अजून परतलेला नाहीं. ‘ही हॅज बीन आउट’ म्हटलें तर तो बाहेर जाऊन आला, किंवा इतका वेळ बाहेरच आहे, असा संदर्भानें अर्थ होतो. आपल्या घरांतून निघणारा मनुष्य ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. परत येण्याची खूण आपण निरोपांतच ठेवतों. इंग्रजी मनुष्य ती खूण ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांच्या निवडींत ठेवतो, इतकाच फरक.

श्रोतेहो, नियम शिकविले पाहिजेत, आणि परीक्षेंत ‘हॅज’च लिहिलें पाहिजे, याविषयीं माझें दुमत नाहीं. परंतु नियमालाहि वय असतें, हें मला फार उशिरां कळलें. त्या मुलाचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. तो मोठमोठ्या भाषापंडितांनीं विचारलेलाच प्रश्न होता. आज तो समोर असता तर मीं त्याला म्हटलें असतें, ‘बाळ, तुझें वाक्य वेडगळ नाहीं. तें दोनशें वर्षें उशिरां आलें आहे, एवढाच त्याचा दोष. आतां “हॅज” लिही, आणि पुढचा प्रश्न विचार.’