करकोच्याची साक्ष

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांत बखर आणि अस्सल कागद यांचा वाद जुना आहे. बखर वाचावयास गोड लागते. तींत माणसें बोलतात, प्रसंग डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं काय घडलें हें ठरविण्याची वेळ आली म्हणजे सबंध बखरीपेक्षां मिति घातलेली चार ओळींची चिठी अधिक उपयोगी पडते. हा धडा आम्हांला राजवाड्यांच्या पिढीनें घालून दिला, आणि गेलीं पंचवीस वर्षें मी तो वर्गांत शिकवीत आलों आहें. निसर्गाच्या इतिहासालाही तोच न्याय लागू आहे, हें मात्र माझ्या ध्यानांत उशिरां आलें, आणि तें आणून दिलें माझ्याच एका विद्यार्थ्यानें.

पक्षिनिरीक्षणाचा नाद असलेला हा तरुण एका फाल्गुनांत घरीं आला. बोलतां बोलतां भोरड्यांचा विषय निघाला. काळें डोकें, काळे पंख आणि बाकीचें अंग फिकट गुलाबी, असा हा मैनेच्या कुळांतील पक्षी आपल्याकडील ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या चांगला ओळखीचा आहे. थवाच्या थवा कणसांवर उतरतो, आणि माळ्यावर उभ्या असलेल्या राखणदाराची गोफण दिवसभर फिरत राहते. पीक निघाल्यावर हेच थवे सांवरीच्या, पांगाऱ्याच्या आणि पळसाच्या फुलांवर मध पिण्यास जमतात, आणि मग एक दिवस झाडें अचानक मुकीं होतात. मी त्याला माझ्या गांवच्या ओढ्याकांठच्या पळसाचें वर्णन मोठ्या रंगांत येऊन सांगितलें. त्यानें वही उघडून विचारलें, "सर, तुमच्या लहानपणीं शेवटचा थवा कोणत्या तारखेला दिसे?" मी म्हणालों, "चैत्रांत." "कोणत्या वर्षाच्या चैत्रांत?" मी गप्प राहिलों. आपला चैत्र सौर वर्षाच्या मानानें दरसाल सुमारें अकरा दिवस मागें सरतो आणि अधिक मास आला म्हणजे पुन्हां पुढें जातो. म्हणजे माझें उत्तर जवळजवळ एका महिन्याच्या अंतरांत कोठेंही बसूं शकत होतें. त्यानें कांहींएक न लिहितां वही मिटली. अस्सल कागदाचा महिमा सांगणारा मी त्या दिवशीं स्वतःच एक बखर ठरलों.

तेव्हांपासून या विषयाचा इतिहास मी वाचूं लागलों. वसंतांत पाखरें येतात, शरदांत जातात, हें युरोपांतील प्रत्येक खेडुताला ठाऊक होतें. तीं जातात कोठें, याविषयीं मात्र दोन हजार वर्षें पंडितांच्या बखरी चालल्या होत्या. ॲरिस्टॉटलसारख्या सूक्ष्म निरीक्षकानें क्रौंच पक्षी सिथियाच्या मैदानांतून ईजिप्तपलीकडील दलदलींत जातात, हें बरोबर सांगितलें. परंतु त्यानेंच करकोचा आणि होला यांना हिंवाळ्यांत दडून बसणाऱ्या पक्ष्यांत घातलें, आणि भिंगऱ्या पिसें गाळून बिळांत पडून राहतात असेंही लिहून ठेविलें. १५५५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्माधिकाऱ्यानें याच्यावर ताण केली. उत्तरेकडील कोळ्यांच्या जाळ्यांत चोंचीला चोंच लावून पाण्याखालीं झोपलेल्या भिंगऱ्यांचे घोसच्या घोस सांपडतात, असें त्यानें सांगितलें. सतराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स मॉर्टन या इंग्रज विद्वानानें तर पाखरें चंद्रावर जातात असें गंभीरपणें प्रतिपादन केलें. हीं माणसें मूर्ख नव्हतीं. त्यांच्यापाशीं अटकळी पुष्कळ होत्या, पुरावा नव्हता.

पुरावा मागणाऱ्या माणसाचीही कशी त्रेधा उडत होती, हें सेलबोर्नच्या गिल्बर्ट व्हाइटच्या उदाहरणावरून दिसतें. त्याचा ग्रंथ १७८९ मध्यें निघाला. कोणती भिंगरी कोणत्या दिवशीं प्रथम दिसली, हें हा धर्मोपदेशक वर्षानुवर्षें टिपून ठेवीत होता. जिब्राल्टरला असलेला त्याचा भाऊ तेथील समुद्रधुनीवरून पक्षी ओलांडून जातांना पाहत होता व तसें कळवीत होता. तरीसुद्धां कांहीं भिंगऱ्या तरी घराजवळच कोठें झोपत असाव्यात, ही शंका व्हाइटच्या मनांतून अखेरपर्यंत गेली नाहीं. एका टोंकाला सेलबोर्नची भिंगरी आणि दुसऱ्या टोंकाला जिब्राल्टरची. दोन्ही एकच, हें सिद्ध करणारा दुवा त्याच्या हातीं नव्हता.

तो दुवा १८२२ च्या वसंतांत जर्मनींत आकाशांतून उतरला. बाल्टिक समुद्राजवळच्या मेक्लेनबुर्ग प्रांतांत, क्ल्यूट्झ गांवाशेजारच्या बोथमर यांच्या जहागिरींत एक पांढरा करकोचा मारला गेला. जवळ जाऊन पाहतात तों त्याच्या मानेंत सुमारें ८० सेंटिमीटर लांबीचा भाला आरपार घुसलेला! लांकूड आणि घडण तपासतां तो भाला मध्य आफ्रिकेंतील ठरला. करकोचा दडून बसत नाहीं, चिखलांत निजत नाहीं. तो हजारों मैल दक्षिणेस जातो आणि वसंतांत परत येतो, हें आतां वेगळें सांगावयास नको होतें. त्या मुक्या पक्ष्यानें स्वतःच्या अंगावर आपलें प्रवासपत्र आणिलें होतें. पेंढा भरलेला तो करकोचा रोस्टॉक विद्यापीठांत आजही जपून ठेविलेला आहे. पुढें असे सुमारें २५ करकोचे नोंदले गेले, आणि जर्मन भाषेला 'बाणकरकोचा' या अर्थाचा एक नवा शब्द मिळाला.

हा पक्षी त्या भाल्यासह भूमध्य समुद्राचा कांठ ओलांडून जर्मनीपर्यंत आला. त्याला घायाळ केलें एका खंडांतील शिकाऱ्यानें आणि मारलें दुसऱ्या खंडांतील शिकाऱ्यानें. ज्ञानाची ही किंमत पाहून मन खिन्न होतें. हाच पुरावा रक्ताशिवाय मिळविण्याची युक्ति डेन्मार्कांतील व्हिबोर्ग येथील हान्स मोर्टेन्सेन या शिक्षकानें काढली. १८९९ मध्यें त्यानें १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या, म्हणजे आपल्या भोरड्यांच्या युरोपीय भाऊबंदांच्या, पायांत ॲल्युमिनियमचीं हलकीं कडीं घातलीं. कड्यावर क्रमांक आणि पत्ता. जो कोणी तो पक्षी पाहील त्यानें कळवावें, एवढीच विनंति. इंग्लंडांतील स्टॅफर्डशायरमध्यें जॉन मेसफील्ड नांवाच्या वकिलानें १९११ च्या मे महिन्यांत आपल्या देवडींत घरटें करणाऱ्या एका भिंगरीला असेंच कडें घातलें. १९१२ च्या डिसेंबरांत ती दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत सांपडली, आणि तेथील एका गृहस्थाचें पत्र लंडनला आलें. व्हाइटच्या मृत्यूला तेव्हां एकशेंएकोणीस वर्षें होऊन गेलीं होतीं. ज्या उत्तरासाठीं तो जन्मभर झुरला, तें शेवटीं एका चिठीनें दिलें.

आपल्याकडे काय होतें? डोळे होते, यांत संशय नाहीं. राजहंस उत्तरेस मानससरोवराकडे जातात, हें 'मेघदूत' वाचलेल्या प्रत्येकास माहीत आहे. कवीची दिशा खरी आहे. पट्टकादंब नांवाचे हंसजातीचे पक्षी खरोखरच हिमालय ओलांडून तिबेटांत जातात. मात्र ते वर्षाऋतूच्या बरेच आधीं निघून गेलेले असतात. काव्याला मितीचें बंधन नसतें, म्हणून कालिदासाला दोष देण्याचें कारण नाहीं. दोष आहे तो त्याच्या मागून आलेल्या आम्हां वाचकांचा, कारण आम्हीं काव्यालाच दप्तर मानून स्वस्थ बसलों.

मुंबईची नैसर्गिक इतिहास संस्था १८८३ मध्यें स्थापन झाली, तेव्हांपासून तारीखवार नोंदींची परंपरा आपल्याकडे रुजूं लागली. १९३० च्या आधीं काहीं वर्षें पक्ष्यांना कडीं घालण्याचे आरंभींचे प्रयोग झाले ते धार संस्थानांत, म्हणजे पवारांच्या घरांत. ही गोष्ट मराठी वाचकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मोठें काम झालें तें मात्र एका संकटामुळें. १९५७ मध्यें शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें पटापट मरूं लागलीं आणि माणसांना ताप येऊं लागला. रोगाचा विषाणु रशियांतील एका रोगाच्या विषाणूशीं मिळताजुळता निघाला, तेव्हां उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनीं तो आणिला असावा, असा संशय आला. १९५९ पासून सलीम अली यांच्या देखरेखीखालीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें, पक्ष्यांना कडीं घालण्याचें काम सुरू झालें. पक्ष्यांवरील आरोप शाबीत झाला नाहीं. पण त्या निमित्तानें हजारों पक्ष्यांच्या पायांत कडीं पडलीं, आणि त्यांच्या वाटा हळूहळू नकाशावर उमटूं लागल्या. जर्मनींतील ब्रन्सविक येथें कडें घातलेला एक करकोचा बिकानेरला सांपडल्याची नोंदही आपल्या पक्षिशास्त्रांत आहे. मेक्लेनबुर्गच्या त्या करकोच्याचे भाऊबंद असे आपल्याही दारीं येऊन गेले.

आज पांखरांच्या पाठीवर चिमुकलीं यंत्रें बांधून त्यांचा प्रवास आकाशांतील उपग्रहांकडून टिपला जातो. मग साध्या माणसाच्या वहीचें काम काय, असें कोणी विचारील. त्याला नॉरफकच्या रॉबर्ट मार्शमचें उत्तर आहे. १७३६ पासून या गृहस्थानें वसंताच्या खुणा टिपण्यास आरंभ केला. पहिली भिंगरी केव्हां आली, कोकिळ केव्हां बोलला, कोणत्या झाडाला पालवी केव्हां फुटली. त्याच्या वंशजांनीं तो क्रम १९५८ पर्यंत चालविला. पृथ्वीचें हवामान बदलत आहे काय, या आजच्या प्रश्नाला अठराव्या शतकांतील साक्षीदार लागतो तेव्हां विद्वान् मार्शमची वही उघडतात. यंत्र आज काय घडतें तें सांगेल. गेल्या दोनशें वर्षांत काय घडलें हें सांगणें त्याच्या हातीं नाहीं.

आपल्या भोरड्या वैशाखाच्या सुमारास मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत घरटीं करतात आणि पिलांना टोळ चारतात. आमच्या शेतकऱ्याच्या गोफणीचें लक्ष्य असलेला हा पक्षी तेथील शेतकऱ्याचा राखणदार ठरतो. चीनच्या शिंजियांग प्रांतांत तर त्याला घरटीं करतां यावीं म्हणून दगडांचे ढीग रचून देतात. त्या कदाचित् पूर्वीपेक्षां लवकर निघत असतील, कदाचित् नसतील. माझ्या गांवापुरतें याचें उत्तर मीच देऊं शकलों असतों, कारण तो पळस मीं वीस वर्षें पाहिला. पण मीं तो नुसता पाहिला.

घराघरांत भिंतीवर दिनदर्शिका असते. तींत दुधाचा हिशेब लिहिला जातो, गॅसची तारीख लिहिली जाते. त्याच चौकोनांत "भोरड्या, अंदाजें इतक्या, अमुक झाडावर" एवढें लिहावयास किती श्रम पडतात? वर्ष संपल्यावर ती दिनदर्शिका रद्दींत मात्र घालूं नये. यंदाच्या मार्चपासून मीं तें सुरू केलें आहे. त्या विद्यार्थ्याला तें दाखविलें, तेव्हां त्यानें प्रथम विचारलें, "सर, गांवाचें नांव कोठें आहे?" तें लिहावयाचें राहिलें होतें, मीं त्याच्यासमोरच लिहिलें.