सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

हिंदुस्थानी रागांवर आधारलेली इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका. वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५). १९८२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रण, प्रकाशन एचएमव्ही.

सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे मुंबईचे वादक. याआधी त्यांनी चित्रपटगीतांच्या धून वाद्यांवर वाजवून तबकड्या काढल्या होत्या. चित्रपटसंगीतात तेव्हा डिस्कोची लाट होती. तबला बाजूला ठेवून राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवावेत, ही कल्पना त्यांना तिथूनच सुचली.

रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांनी वापरली : आलापी व तानांसाठी ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. यांतल्या शेवटच्या दोन यंत्रांची जोडी हा या तबकडीचा कणा होय. साथीला बास वाजवणारा नसला तर गिटारवादकाची सोय व्हावी म्हणून ३०३ बनवले होते. त्यात एका स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. सिंग यांच्या हाती ती मींडेच्या जवळ जाते.

तबकडीत दहा राग आहेत, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी हे त्यांतले चार राग पाच स्वरांचे. पुन्हापुन्हा फिरणाऱ्या यांत्रिक आवर्तनात ते चपखल बसतात. मालकंसात तर रिषभ-पंचम वगळल्याने उरणारी मोकळी जागा ठेका भरून काढतो. ललत आणि तोडीचे काम अवघड. तोडीच्या अतिकोमल गंधाराला पट्टीचे ठरावीक स्वर पुरे पडत नाहीत, आणि विलंबित बढतीला पाच मिनिटांत वाव नाही. तरीही रागाची चौकट कुठे मोडलेली नाही. चित्रपटसंगीतात उमेदवारी केलेल्या वादकाने दाखवलेली ही शिस्त दाद देण्याजोगी आहे.

प्रकाशनाच्या वेळी तबकडी फारशी खपली नाही. एदो बाउमन या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीच्या एका दुकानात मिळाली आणि २०१० मध्ये त्याच्या बॉम्बे कनेक्शन या संस्थेने ती पुन्हा काढली. शिकागोच्या फ्युचर या गटाची १९८७ ची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ॲसिड हाउस शैलीची पहिली ध्वनिमुद्रिका मानली जाते. तीही ३०३ वरच घडली, पण सिंग यांच्या तबकडीनंतर पाच वर्षांनी. त्यामुळे ही तबकडी जुनी नसून कोणी तरी नव्याने रचलेली फसवणूक आहे, असा संशय काहींनी घेतला, तर काहींकडून सिंग यांना या शैलीचे जनक म्हटले जाऊ लागले. त्यांना जनक म्हणणे फारसे बरोबर नाही. शिकागोच्या वादकांपर्यंत ही तबकडी पोहोचल्याचा पुरावा नाही, साम्य आले ते यंत्रामुळे. तिचे मोल रागांच्या मांडणीत आहे आणि तिथेच ते शोधले पाहिजे.

पुनःप्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी युरोपात जाऊन हे राग प्रेक्षकांसमोर वाजवले.