जात्यापासून कॉफीयंत्रापर्यंत
बारामतीकडच्या पिंपळीसारख्या गावांत पहाटे जातं फिरायचं, सोबत ओवी चालायची. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे पिठाची गिरणी आली; बायकांचे कष्ट वाचले आणि दळण घराबाहेर गेलं.

आता ते कॉफीच्या निमित्तानं घरात परततंय. दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो, म्हणून बिया ऐन वेळी दळायच्या. यंत्र घेताना आत पातं आहे की दातेरी चकत्या, ते बघा. पातं मिक्सरसारखं बिया फोडतं. पूड कुठे जाड, कुठे बारीक. चकत्या जात्याच्या दोन दगडांसारख्या, मधल्या फटीतून सारखी पूड देतात.

ही दळणी रोज झाडावी लागते. जातं एकट्या बाईच्या वाट्याला होतं. हे काम तरी वाटून घ्या.