एका खलित्याची पुनरावृत्ती

गुप्तलेखनाच्या व्यवसायाचा इतिहास पाहू जाता वारंवार प्रत्ययास येते ते हे की, राज्यकर्त्यांनी यंत्रावर कितीही द्रव्य आणि बुद्धी वेचली, तरी त्या यंत्राची अब्रू अखेर रात्रंदिवस त्याच्यापुढे बसणाऱ्या कारकुनाच्या हाती असते. या दृष्टीने ३० ऑगस्ट १९४१ रोजी घडलेला प्रसंग मननीय आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनेचे वरिष्ठ सेनानी आपसातील खलिते ज्या लोरेन्झ यंत्राने गूढ करीत, त्यास बारा चाके होती. दर खलित्यास चाकांची मांडणी निराळी असावी, एकदा वापरलेली पुन्हा वापरू नये, असा दंडक होता. त्या दिवशी अथेन्सहून व्हिएन्नास सुमारे ४,००० अक्षरांचा खलिता गेला. तो नीट उमटला नाही, पुन्हा पाठवावा, असा उलट निरोप आला, तोही उघड भाषेत. तेव्हा चालकाने चाके पूर्वीच्याच जागी आणून सारा मजकूर पुनश्च हाताने टंकित केला. तो अक्षरशः तसाच गेला असता, तर दोन्ही गूढलेख एकरूप होऊन चोरून ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडले नसते. परंतु ‘संदेश क्रमांक’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचा त्याने संक्षेप केला, पुढेही अशीच काटछाट केली, आणि एकाच किल्लीने बंद केलेले दोन भिन्न मजकूर ब्रिटिशांस आयते लाभले. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या गूढलेख उकलण्याच्या केंद्रात जॉन टिल्टमन यांनी दहा दिवसांत ते दोन्ही उलगडले. त्यांतून निष्पन्न झालेल्या अक्षरमालेवरून बिल टट या तरुण अभ्यासकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी, ते यंत्र दृष्टीस न पडताही, जानेवारी १९४२ पर्यंत त्याची सारी अंतर्रचना ताडली.

येथे फितुरी नव्हती, लाचलुचपत नव्हती. चार हजार अक्षरे दुसऱ्यांदा लिहिण्याचा कंटाळा तेवढा होता, आणि असा कंटाळा कोणत्या कचेरीत नसतो? आज परवलीचे शब्द जपण्याचे हुकूम जागोजागच्या कार्यालयांतून फिरतात, ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या हाती आपण किल्ली सोपवतो, त्यास हुकुमाबरोबर त्या हुकुमाचे कारणही समजावून सांगणे, हे प्रत्येक वरिष्ठाचे कर्तव्य आहे, कारण घाईच्या क्षणी माणूस पाठ केलेला नियम सोडतो, पण पटलेला नियम सहसा सोडीत नाही.